स्लॅलममध्ये करिअर करायचंय? आधी बिबचं, म्हणजे छातीवरच्या नंबरचं, गणित समजून घ्या

म्युनिक, झुरिक किंवा डेन्व्हरला स्थायिक झालेल्या मराठी आईवडिलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. पोरगी दर शनिवार-रविवार बर्फावर असते, क्लबचा कोच म्हणतो "हिला गेट्समध्ये घाला", आणि पुढे काय असतं हे घरात कुणालाच माहीत नसतं. क्रिकेटमध्ये कुणीतरी मामा-काका रणजीपर्यंत पोचलेला असतो, निदान पोचता पोचता राहिलेला तरी असतो. स्कीइंगमध्ये विचारायचं कुणाला? अशा घरांसाठी हे सगळं क्रमाने लिहितोय. ज्यांना नुसतं टीव्हीवर बघून समजून घ्यायचंय त्यांनाही चालेल.

आधी खेळ काय आहे ते

अल्पाइन स्कीइंगच्या मुख्य शर्यती चार: डाउनहिल, सुपर-जी, जायंट स्लॅलम आणि स्लॅलम. डाउनहिलमध्ये वेग ताशी १३० किलोमीटरच्या वर जातो. स्लॅलममध्ये तो साधारण ४० ते ६० असतो, पण वळणं एकावर एक येतात. एका वळणाच्या काठीपासून पुढच्या काठीपर्यंतचं अंतर ६ ते १३ मीटर. वर्ल्डकप म्हणजे इथे हंगामभर गावोगावी चालणारी सर्वोच्च शर्यतींची मालिका. तिच्या पुरुषांच्या शर्यतीत सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीत १८० ते २२० मीटरचा फरक असतो. एवढ्यात साठ-सत्तर वळणं मारायची, तीही मिनिटाच्या आत-बाहेर.

या काठ्यांनाच गेट्स म्हणतात. त्या लाल आणि निळ्या, आलटून पालटून. त्या बुडाशी बिजागरीवर असतात, म्हणून खेळाडू त्यांना वळसा न घालता नडगीने आणि हाताने आडवं करत जातो. टीव्हीवर फटाफट आवाज येतो तो त्याचाच. शरीर काठीच्या वरून किंवा आतून गेलं तरी चालतं. मात्र दोन्ही बूट आणि दोन्ही स्कीची टोकं योग्य बाजूनेच गेली पाहिजेत. एक टोक जरी चुकीच्या बाजूला गेलं, म्हणजे काठी दोन पायांच्या मधून गेली, तर त्याला स्ट्रॅडल म्हणतात. शर्यत तिथेच संपते. खालपर्यंत कितीही झकास आलात तरी उपयोग नाही.

फेऱ्या दोन, दोन्हींच्या वेळांची बेरीज. दोन्ही फेऱ्यांसाठी काठ्यांची मांडणी वेगवेगळी, आणि ती बहुधा वेगवेगळ्या देशांचे कोच करतात. सरावाला तो मार्ग मिळत नाही. फेरीआधी फक्त पाहणी करायची, तीही मार्गाच्या कडेने हळूहळू घसरत. ही पाहणी जवळून बघण्यासारखी असते. खेळाडू एका गेटपाशी थांबतो, खाली बघतो, मग डोळे मिटतो. तळहात समोर धरून डावी-उजवीकडे फिरवत राहतो, ओठ हलत असतात. मध्येच हात अडखळला तर तो डोळे उघडतो, दोन गेट वर चढून जातो आणि तेवढाच तुकडा पुन्हा पाठ करतो. अर्ध्या तासाने हे सगळं पूर्ण वेगात आठवायचं असतं. पाठांतराचा कंटाळा असलेल्या मुलाला हे आधीच सांगून ठेवा.

पायरी पहिली: वय आणि गाव

आल्प्समधली मुलं तीन-चार वर्षांची असताना स्कीवर उभी राहतात आणि सहा-सातव्या वर्षी क्लबच्या छोट्या शर्यतींत उतरतात. म्हणजे तुमची दहा वर्षांची मुलगी आज सुरू करत असेल तर ती मागे आहे. पण संपलं, असंही नाही. इंग्लंडच्या डेव्ह रायडिंगने लँकशरमधल्या पेंडल इथल्या प्लास्टिकच्या उतारावर स्कीइंग शिकलं. खऱ्या बर्फावर तो बारा-तेराव्या वर्षी गेला. २२ जानेवारी २०२२ ला ऑस्ट्रियातल्या कित्झब्यूलचा स्लॅलम त्याने जिंकला तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. पहिल्या फेरीनंतर सहावा होता, दुसरीत सगळ्यांना मागे टाकलं. ब्रिटनचा अल्पाइन वर्ल्डकपमधला तो पहिला विजय.

इटलीचा अल्बेर्तो तोंबा डोंगरातला नव्हे, बोलोन्याजवळचा. त्याच्या नावावर वर्ल्डकपचे ५० विजय आहेत. उलट इंगेमार स्टेनमार्क स्वीडनच्या उत्तरेतल्या टार्नाबी नावाच्या चिमुकल्या गावातला. गाव लहान, पण शाळेच्या वाटेवरच उतार आणि लिफ्ट. त्याने ८६ शर्यती जिंकल्या, त्यांपैकी ४० स्लॅलम. माझं मत विचाराल तर गाव कुठलं यापेक्षा शाळा सुटल्यावर किती मिनिटांत मूल स्कीवर उभं राहतं, हे बघा. स्लॅलमला लांबलचक डोंगर लागत नाही. छोटा, कडक आणि रोज मिळणारा उतार लागतो. म्हणून डाउनहिलच्या वाटेला न जाता सपाट प्रदेशातली मुलंही इथे टिकाव धरू शकतात.

पायरी दुसरी: क्लब आणि सामान

आधी क्लब निवडा, सामान नंतर. क्लबमध्ये तीन गोष्टी विचारा. आठवड्यात गेट्समध्ये किती दिवस आणि मोकळं स्कीइंग किती दिवस? एका कोचमागे मुलं किती? आणि चौदा वर्षांनंतर क्लबची किती मुलं टिकली? तिसऱ्या प्रश्नावर उत्तर टाळलं तर समजून जा. दहाव्या वर्षी रोज गेट्स लावणाऱ्या क्लबपेक्षा वाकड्यातिकड्या बर्फावर, एका स्कीवर, उड्या मारत खेळवणारा क्लब मी निवडेन. काठ्यांवर हात मारणं नंतर शिकता येतं, पायांखालचा तोल नंतर येत नाही.

सामानात स्लॅलमची स्की आखूड असते. वर्ल्डकपला पुरुषांसाठी किमान १६५ सेंटीमीटर आणि महिलांसाठी १५५. नडगीला गार्ड, हातातल्या काठीच्या मुठीला गार्ड, हेल्मेटला हनुवटीचा बार. लहान मुलांसाठी हे सगळं क्लबच्या जुन्या बाजारात मिळतं, शरद ऋतूत जवळजवळ प्रत्येक गावात तो भरतो. मूल दरवर्षी वाढतं, नवं घेण्यात अर्थ नाही. बूट मात्र मापाचेच घ्या, "पुढच्या वर्षी बसेल" म्हणून मोठे घेऊ नका. मोठ्या बुटात पाय हलतो आणि स्कीला निरोप उशिरा पोचतो.

कडा घासायला घरीच शिका. शर्यतीचा बर्फ हा आपल्या डोक्यातला भुसभुशीत बर्फ नव्हे. मोठ्या शर्यतीआधी उतारात पाणी सोडून तो गोठवतात, रात्रीतून तो काचेसारखा होतो. त्यावर बोथट कड धरतच नाही. स्कीला शिकंज्यात आडवी धरायची, कोनाचा ठोकळा लावून फाइल एका दिशेने, एका दाबाने ओढायची. पोलादाचा बारीक कीस निघतो. मग हिऱ्याच्या पानाने खरखर काढायची. शेवटी नखाची कड हलकेच आडवी फिरवून बघायची. नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार आली. स्लॅलमसाठी बाजूची कड साधारण ८७ अंशांवर ठेवतात. वर्ल्डकपच्या खेळाडूकडे हे काम करायला कंपनीचा पूर्णवेळ सर्व्हिसमन असतो आणि तो रात्री उशिरापर्यंत गॅरेजमध्ये असतो. तुमच्याकडे तो तुम्हीच. मेण विकत घेताना फ्लोरिनविरहितच घ्या, २०२३-२४ पासून एफआयएसच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या, शर्यतींत फ्लोरिनवर बंदी आहे.

पायरी तिसरी: शाळा

चौदा-पंधराव्या वर्षी फाटा फुटतो. ऑस्ट्रियात श्टाम्सचं स्की-गिम्नाझियम, अमेरिकेत व्हरमाँटची बर्क माउंटन अकॅडमी, अशा शाळांत सकाळी बर्फ आणि दुपारी वर्ग असतात. अमेरिकेची स्टार स्कीपटू मिकेला शिफ्रिन बर्कचीच. या शाळा महाग असतात, विशेषतः अमेरिकेतल्या, आणि प्रवेशाला शारीरिक चाचणी असते. आपल्या घरांत इथेच वाद पेटतो: "बारावीचं काय?" चिंता रास्त आहे. पण अमेरिकेत कॉलेजची वाट खरोखर चालू आहे. डार्टमथ, डेन्व्हर, युटा, व्हरमाँट या विद्यापीठांचे स्की संघ आहेत. पॉला मोल्टझान अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून बाहेर पडली, व्हरमाँट विद्यापीठात शिकायला गेली, २०१७ मध्ये कॉलेजांची स्लॅलमची स्पर्धा जिंकली आणि तिथून वर्ल्डकपला परतली. २०२५ च्या जागतिक स्पर्धेत तिने जायंट स्लॅलममध्ये कांस्यही मिळवलं. त्यामुळे "शिक्षण की स्की" हा प्रश्न वाटतो तितका कट्टर नाही.

उन्हाळ्यात काय, हेही इथेच ठरतं. जून-जुलैत हिंटरटुक्स, सास-फे, स्टेल्वियो इथल्या हिमनद्यांवर पहाटे सराव असतो, दहा-अकरापर्यंत बर्फ मऊ पडतो. ऑगस्टमध्ये मोठे संघ न्यूझीलंड, चिली किंवा अर्जेंटिनातल्या उशुआयाला जातात. खिसा तेवढा नसेल तर नेदरलँड्समधलं लांडग्राफ, बेल्जियममधलं पेर अशा बंदिस्त हॉलमध्ये स्लॅलमचा सराव बारा महिने चालतो. हिमनद्या आटत चालल्यात, तसे हे हॉल भरत चाललेत.

पायरी चौथी: एफआयएस पॉइंट्स

सोळाव्या वर्षाच्या सुमारास मूल एफआयएसच्या शर्यतींना पात्र होतं. लायसन्स राष्ट्रीय संघटनेमार्फत काढायचं, थेट मिळत नाही. इथून पुढे खेळाडूची ओळख म्हणजे त्याचे पॉइंट्स, आणि ते सीईटीच्या रँकसारखे असतात: जितके कमी तितकं चांगलं.

गणित असं. तुमच्या एकूण वेळेला विजेत्याच्या वेळेने भागा, १ वजा करा, ७३० ने गुणा. मग त्या शर्यतीची पेनल्टी मिळवा. समजा विजेत्याला दोन फेऱ्यांत १०० सेकंद लागले आणि तुमच्या मुलाला ११०. मग १.१ वजा १, म्हणजे ०.१, गुणिले ७३०, आले ७३. पेनल्टी शर्यतीत कोण उतरलंय त्यावर ठरते. वर्ल्डकपला ती शून्य असते, साध्या शर्यतीत बरीच जास्त. ती ६० धरली तर हाती आले १३३. वर्षभरातल्या अशा सर्वोत्तम दोन निकालांची सरासरी तुमच्या नावापुढे लागते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, यादीसाठी दोन चांगले दिवस पुरतात, बाकी वीस शर्यतींत पडलात तरी नाव तसंच राहतं. दोन, तगडे खेळाडू उतरलेल्या शर्यतीत पेनल्टी कमी असते, म्हणून तिथे पंधरावा येणं हे गल्लीतल्या शर्यतीत दुसरा येण्यापेक्षा फायद्याचं ठरू शकतं. पालक पदकांचे फोटो टाकतात, कोच पॉइंट्स बघतो. तुम्हीही तेच बघा.

पायरी पाचवी: बिब नंबर

आता मूळ मुद्दा. स्लॅलममध्ये प्रत्येक खेळाडू उतारावर ओरखडे ठेवून जातो. चाळीस जण गेल्यावर वळणांच्या जागी खड्डे पडलेले असतात. पहिल्याला मिळालेली काच पन्नासाव्याच्या वाट्याला येत नाही, त्याला घमेल्यासारखे खळगे मिळतात. म्हणून छातीवरचा नंबर, म्हणजे बिब, हाच अर्धा निकाल असतो.

वर्ल्डकपला क्रमवारीतल्या पहिल्या सातांत १ ते ७ या नंबरांसाठी चिठ्ठ्या टाकतात, पुढच्या आठांत ८ ते १५ साठी. मग क्रमवारीप्रमाणे ३० पर्यंत, आणि त्यानंतर उरलेले. पहिल्या फेरीत पहिल्या तिसांत आलात तरच दुसरी फेरी मिळते. तिच्यात क्रम उलटा: तिसावा आधी सुटतो, पहिला शेवटी. म्हणजे ६२ नंबरच्या मुलाने खड्ड्यांतून कसाबसा तिसावा नंबर काढला, तर दुसऱ्या फेरीत अख्ख्या कोऱ्या उतारावर तो पहिला जातो. मोठ्या उड्या इथेच बसतात. स्लॅलम बघायला लागलात तर बिब १ सोडून बिब ४० च्या पुढच्यांवर लक्ष ठेवा. खरी झुंज तिथे असते, आणि कॅमेरे नेमके तेव्हाच जाहिरातींकडे वळलेले असतात.

वर्ल्डकपचे गुण १०० पासून सुरू होतात: पहिल्याला १००, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६०, आणि तिसाव्याला १. तो एक गुणही कित्येकांच्या आयुष्यातला मोठा दिवस असतो, कारण क्रमवारीत पाय रोवायला सुरुवात तिथून होते.

वर्ल्डकपपर्यंत पोचायची वाट खंडीय मालिकांतून जाते: युरोपात युरोपा कप, उत्तर अमेरिकेत नॉर-अ‍ॅम, आशियात फार ईस्ट कप. युरोपा कपच्या स्लॅलम क्रमवारीत पहिल्या तिघांत आलात तर पुढच्या हंगामात वर्ल्डकपला स्वतःच्या हक्काची जागा मिळते. एरवी जागा देशाला मिळते आणि देश ठरवतो कुणाला पाठवायचं. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नॉर्वे इथली चुरस इतकी आहे की संघाच्या आतली निवड ही खुद्द शर्यतीपेक्षा अवघड वाटावी. छोट्या देशाकडून उतरणाऱ्याला जागेसाठी भांडावं लागत नाही, पण कोच, सर्व्हिसमन, गाडी सगळं स्वतःचं बघावं लागतं. लुकास ब्रोटेन २०२३ मध्ये नॉर्वेकडून स्लॅलमचा क्रिस्टल ग्लोब, म्हणजे हंगामाच्या क्रमवारीत पहिल्याला मिळणारा चषक, जिंकला, त्याच वर्षी संघटनेशी जाहिरातींच्या हक्कांवरून बिनसलं म्हणून निवृत्त झाला, आणि २०२४ मध्ये आईच्या देशाकडून, म्हणजे ब्राझीलकडून, परतला. ऑस्ट्रियाचा मार्सेल हिर्शरही २०२४ मध्ये आईच्या नेदरलँड्सकडून उतरला. दोन देशांशी नातं असलेल्या आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं. घाईत निर्णय मात्र नको, देश बदलायला जुन्या संघटनेची संमती लागते.

पैसा

वर्षातले स्लॅलम मोजा: दहा-बारा. प्रत्येकात दोन फेऱ्या, मिनिटाच्या आसपास. म्हणजे अख्खा हंगाम मिळून प्रत्यक्ष शर्यत वीस-बावीस मिनिटांची. त्यावर घर चालवायचं.

बक्षिसं वर एकवटलेली आहेत. कित्झब्यूलला अलीकडे स्लॅलमच्या विजेत्याला सुमारे १ लाख युरो मिळतात, पण विसाव्या नंबरच्या बक्षिसात हॉटेल आणि प्रवास भागला तरी पुष्कळ. फिनलंडमधल्या लेव्हीला विजेत्याला रेनडिअर देतात. ते तिथेच ठेवून यायचं असतं, फक्त नाव ठेवता येतं. मोठी कमाई होते ती हेल्मेटवरच्या जागेतून, कारण बहुतेक देशांत बाकी अंगावरच्या जाहिराती संघटनेच्या आणि डोक्यावरची तेवढी खेळाडूची असते. नॉर्वेचा हेन्रिक क्रिस्टोफरसन या एका जागेसाठी आपल्याच संघटनेविरुद्ध कोर्टात गेला आणि हरला, यावरून तिची किंमत कळावी.

मधल्या फळीतल्यांना जगवतं ते सरकार. इटलीत काराबिनिएरी आणि वित्त पोलीस, ऑस्ट्रिया-जर्मनीत लष्कर, फ्रान्समध्ये कस्टम्स: या खात्यांत खेळाडूंना नोकरी आणि पगार असतो. तोंबा काराबिनिएरीत होता. भारतातही लष्कर आणि आयटीबीपीने (भारत-तिबेट सीमा पोलीस) असेच स्कीपटू घडवले. नागरिकत्व नसेल तर ही दारं बहुधा बंद असतात. परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत पासपोर्टचा विचार सोळाव्या वर्षाआधी करा.

पडणं आणि मोडणं

स्लॅलममध्ये गुडघ्याचा अस्थिबंध, एसीएल, तुटणं ही नेहमीची दुखापत आहे. परत यायला आठ-नऊ महिने, कधी वर्ष. हिर्शरचा डिसेंबर २०२४ मध्ये सरावातच तुटला. करिअरचा आराखडा करताना एक हंगाम वाया जाणार हे धरूनच चाला.

शर्यत पूर्ण न होणं तर रोजचंच. ओळीने आठ वर्षं एकूण वर्ल्डकप (सगळ्या प्रकारांचे गुण मिळून) जिंकणारा हिर्शर २०१८ च्या ऑलिम्पिकमध्ये स्लॅलमच्या पहिल्या फेरीतच बाद झाला. शिफ्रिन २०२२ ला बीजिंगमध्ये सुरुवातीच्या काही गेट्समध्येच बाहेर गेली, आणि तीच शिफ्रिन २३ फेब्रुवारी २०२५ ला सेस्त्रिएरचा स्लॅलम जिंकून १०० वर्ल्डकप विजयांवर पोचली. तेव्हा मूल तिसऱ्यांदा पडलं म्हणून फिनिशला तोंड पाडून उभे राहू नका. पहिली दहा मिनिटं काहीच बोलू नका, कोचला बोलू द्या. आणि त्याआधी गॉगलच्या आत काय चाललंय ते विचारू नका.

एक चमत्कारिक धोकाही सांगून ठेवतो. डिसेंबर २०१५ मध्ये इटलीतल्या मदोन्ना दि कांपिल्योला हिर्शर दुसऱ्या फेरीत असताना चित्रीकरणाचा ड्रोन आकाशातून त्याच्या अगदी मागे येऊन आदळला. तो तसाच खाली गेला आणि दुसरा आला.

भारताकडून उतरायचं असेल तर

वाट अरुंद आहे पण पायवाट पडलेली आहे. शैलजा कुमार १९८८ ला कॅलगरीत स्लॅलममध्ये उतरल्या, हिवाळी ऑलिम्पिकला गेलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला, आणि २८व्या आल्या. मनालीच्या आंचल ठाकूरने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या एफआयएस शर्यतीत स्लॅलमचं कांस्य जिंकलं. गुलमर्गच्या वाटेवरच्या तंगमर्गचा आरिफ खान २०२२ ला बीजिंगमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये तो ४५वा आला, स्लॅलम पूर्ण झाला नाही. वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान, बाकी खर्चासाठी धडपड. २०१८ ची संधी पैशांअभावी हुकली होती.

त्याने स्लॅलमची पात्रता कुठे मिळवली? दुबईत. मॉलमधल्या स्की दुबईच्या उतारावर एफआयएसच्या शर्यती होतात. छोटा उतार, वारा नाही, धुकं नाही, बर्फ बारा महिने सारखा. बीजिंगच्या नियमांत सर्वोत्तम पाच निकालांची सरासरी १६० पॉइंट्सच्या आत लागत होती. वरचं गणित पुन्हा करून बघा, म्हणजे या बंदिस्त शर्यतींना लोक कुठून कुठून का येतात ते कळेल. निकष दर ऑलिम्पिकला बदलतात, त्यामुळे चालू चक्राचे नियम एफआयएसच्या संकेतस्थळावरून आधी वाचून घ्या. दुबईत राहणाऱ्या मराठी घरांना घरापासून अर्ध्या तासावर पॉइंट्स मिळवायची सोय आहे, हे त्यांच्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे कुणास ठाऊक.

मुंबई-पुण्यातून सुरुवात करायची तर गुलमर्ग, औली किंवा मनाली-सोलंग इथले सरकारी संस्थांचे साधारण दोन आठवड्यांचे प्राथमिक कोर्स घ्या. ते स्वस्त आणि शिस्तीचे असतात, पण जागा लवकर भरतात. त्यातून स्लॅलमपटू तयार होणार नाही. मुलाला थंडी, पहाट आणि पडणं सोसतं का, एवढं कळेल. सोसत असेल तर पुढच्या हिवाळ्यात तिथेच दीड-दोन महिने राहायची व्यवस्था बघा, आणि शाळेशी हजेरीचं बोलणं दिवाळीआधीच उरकून घ्या.